पावतीवरची अक्षरी रक्कम: पीएचपीत आकड्यांची नावं ॲरेतून कशी काढावीत

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी देणगीच्या पावत्या छापणारा प्रोग्राम पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचा आहे. आकड्यातल्या रकमेखाली 'अक्षरी रुपये' ही ओळ मराठीत हवी. प्रश्न विचारणाऱ्यांनी इंग्रजी आकड्यांसाठी लिहिलेलं एक फंक्शन घेतलं, त्यातल्या दोन ॲरेंमधले (म्हणजे क्रमांक लावलेल्या याद्यांमधले) शब्द मराठी केले, आणि ५२१ रुपयांच्या पावतीवर 'पाचशे वीस एक' छापून आलं. मग त्यांनी इफ-एल्सच्या शंभर ओळी लिहायला घेतल्या. यापेक्षा बरा रस्ता आहे का, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

आहे, आणि तो सोपाही आहे. पण आधी ते इंग्रजी फंक्शन मराठीत का चालत नाही ते बघू. इंग्रजीत झीरो ते नाइन्टीन अशी वीस नावं आणि ट्वेंटी ते नाइन्टी अशी दशकांची आठ नावं हाताशी असली की नव्व्याण्णवपर्यंतचं सगळं जोडून तयार होतं. म्हणून तिथे दोन छोटे ॲरे पुरतात. मराठीत एकवीस, एकतीस इथपर्यंत नियम दिसतो असं वाटतं तोच एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव येतात. दर दशकात 'एक'चं रूप बदलतं. नऊचा आकडा तर पुढच्या दशकाचं नाव घेतो: एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. आणि शेवटी नव्व्याण्णव तो नियमही मोडतं. हे सगळं कोडमध्ये नियम म्हणून बसवायला गेलात तर अपवादच शंभराच्या जवळ जातील.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा बराच वाद झाला होता. वर्गात मुलांना संख्या समजावून देण्यापुरती ती पद्धत उपयोगी पडत असेलही. पावती मात्र देणगीदाराच्या हातात जाते, त्याच्या घरात फाइलला लागते, हिशेब तपासणीसाच्या टेबलावर जाते. तिथे माणूस जसा बोलतो तसंच लिहिलेलं हवं.

तेव्हा माझं स्पष्ट मत: मराठीत शून्य ते नव्व्याण्णव ही माहिती आहे, नियम नाही. माहिती ॲरेत ठेवायची. कोडने फक्त योग्य इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, काढायचा. हा पूर्ण ॲरे:

$नावे = [
0 => 'शून्य', 'एक', 'दोन', 'तीन', 'चार', 'पाच', 'सहा', 'सात', 'आठ', 'नऊ',
10 => 'दहा', 'अकरा', 'बारा', 'तेरा', 'चौदा', 'पंधरा', 'सोळा', 'सतरा', 'अठरा', 'एकोणीस',
20 => 'वीस', 'एकवीस', 'बावीस', 'तेवीस', 'चोवीस', 'पंचवीस', 'सव्वीस', 'सत्तावीस', 'अठ्ठावीस', 'एकोणतीस',
30 => 'तीस', 'एकतीस', 'बत्तीस', 'तेहतीस', 'चौतीस', 'पस्तीस', 'छत्तीस', 'सदतीस', 'अडतीस', 'एकोणचाळीस',
40 => 'चाळीस', 'एक्केचाळीस', 'बेचाळीस', 'त्रेचाळीस', 'चव्वेचाळीस', 'पंचेचाळीस', 'सेहेचाळीस', 'सत्तेचाळीस', 'अठ्ठेचाळीस', 'एकोणपन्नास',
50 => 'पन्नास', 'एक्कावन्न', 'बावन्न', 'त्रेपन्न', 'चोपन्न', 'पंचावन्न', 'छप्पन्न', 'सत्तावन्न', 'अठ्ठावन्न', 'एकोणसाठ',
60 => 'साठ', 'एकसष्ट', 'बासष्ट', 'त्रेसष्ट', 'चौसष्ट', 'पासष्ट', 'सहासष्ट', 'सदुसष्ट', 'अडुसष्ट', 'एकोणसत्तर',
70 => 'सत्तर', 'एक्काहत्तर', 'बाहत्तर', 'त्र्याहत्तर', 'चौऱ्याहत्तर', 'पंच्याहत्तर', 'शहात्तर', 'सत्याहत्तर', 'अठ्ठ्याहत्तर', 'एकोणऐंशी',
80 => 'ऐंशी', 'एक्क्याऐंशी', 'ब्याऐंशी', 'त्र्याऐंशी', 'चौऱ्याऐंशी', 'पंच्याऐंशी', 'शहाऐंशी', 'सत्त्याऐंशी', 'अठ्ठ्याऐंशी', 'एकोणनव्वद',
90 => 'नव्वद', 'एक्क्याण्णव', 'ब्याण्णव', 'त्र्याण्णव', 'चौऱ्याण्णव', 'पंचाण्णव', 'शहाण्णव', 'सत्त्याण्णव', 'अठ्ठ्याण्णव', 'नव्व्याण्णव',
];

पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आणि बीओएमशिवाय (सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेशिवाय) सेव्ह करा म्हणजे झालं. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच हवेत. $नावे[२१] असं लिहिलंत तर पीएचपी '२१' ला आकडा समजत नाही, कुठल्या तरी कॉन्स्टंटचं नाव समजतं, आणि पीएचपी ८ मध्ये तिथेच एरर देऊन थांबतं.

दर ओळीच्या सुरुवातीला मी इंडेक्स मुद्दाम लिहिला आहे. पहिली नोंद सोडली तर बाकीच्यांना पीएचपी आपोआप पुढचा क्रमांक देतं, त्यामुळे शंभर शब्द नुसते ओळीने लिहिले तरी चालतात. पण टाइप करताना एकोणतीस राहून गेलं की २९ च्या जागी तीस, ३० च्या जागी एकतीस, असं शेवटपर्यंत सगळं एक घर सरकतं. ओळीला इंडेक्स असला की चूक त्या दशकातच अडकते. याची उलट बाजूही लक्षात ठेवा. विशीच्या ओळीत चुकून 'बावीस' दोनदा पडलं तर अकरावी नोंद ३० वर जाते, आणि पुढच्या ओळीतला 30 => 'तीस' ती पुसून टाकतो. पीएचपी याबद्दल अक्षरही काढत नाही, आणि मोजणी शंभरच भरते. म्हणून काउंट शंभर आहे एवढं बघून थांबू नका. ॲरे-युनिक लावून वेगवेगळे शब्दही शंभर आहेत ना ते बघा. आणि एकदा सगळी यादी कागदावर छापून, घरातल्या किंवा देवस्थानातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तेहतीस की तेहेतीस, सेहेचाळीस की शेहेचाळीस, हे त्या वेळी एकदाच ठरवा. महाजनांपैकी (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांपैकी) कुणाचा एखाद्या रूपाबद्दल आग्रह असेल तर तो पहिल्या पावतीआधी कळलेला बरा.

आता मोठी रक्कम. इथे आपली मोजणीची पद्धत फार कामाला येते. हजार, लाख, कोटी या प्रत्येक घरात दोनच आकडे असतात, म्हणजे शून्य ते नव्व्याण्णव. तोच शंभर नोंदींचा ॲरे प्रत्येक घराला पुरतो. फक्त शेकड्याचं घर एका आकड्याचं, त्याला वेगळा छोटा ॲरे:

$शेकडे = ['', 'एकशे', 'दोनशे', 'तीनशे', 'चारशे', 'पाचशे', 'सहाशे', 'सातशे', 'आठशे', 'नऊशे'];

$कोटी = ($रक्कम - $रक्कम % 10000000) / 10000000;
$लाख = ($रक्कम % 10000000 - $रक्कम % 100000) / 100000;
$हजार = ($रक्कम % 100000 - $रक्कम % 1000) / 1000;
$शेकडा = ($रक्कम % 1000 - $रक्कम % 100) / 100;
$उरले = $रक्कम % 100;

$शतक = $शेकडा == 1 && $उरले == 0 ? 'शंभर' : $शेकडे[$शेकडा];

$अक्षरी = ($कोटी ? $नावे[$कोटी] . ' कोटी ' : '')
. ($लाख ? $नावे[$लाख] . ' लाख ' : '')
. ($हजार ? $नावे[$हजार] . ' हजार ' : '')
. ($शतक ? $शतक . ' ' : '')
. ($उरले ? $नावे[$उरले] : '');

पीएचपी ७ पासून इंटडिव्ह हे फंक्शन आहे, भागाकारासाठी ते वापरलंत तरी हरकत नाही. मी आधी बाकी (कोडमधलं % हे चिन्ह) वजा करून मग भागलं आहे, कारण भाग पूर्ण जात असेल तर पीएचपी पूर्णांकच परत देतं आणि इंडेक्स स्वच्छ राहतो. १२,०७,५८४ ही रक्कम घालून बघा. कोटी शून्य, लाख १२, हजार ७, शेकडा ५, उरले ८४. ओळ तयार होते: बारा लाख सात हजार पाचशे चौऱ्याऐंशी. नेमकी शंभरने संपणारी रक्कम असेल तेव्हा आपण 'एकशे' म्हणत नाही, 'शंभर' म्हणतो, म्हणून मधली ती एक ओळ. ११०० म्हणजे 'एक हजार शंभर', १०१ म्हणजे 'एकशे एक'. शेवटी राहणारी मोकळी जागा ट्रिमने काढा. रक्कम शून्य असेल तर हे सगळं रिकामं येईल, पण शून्य रुपयांची पावती फाडायचीच नसते, तेव्हा ती आधीच अडवा. नव्व्याण्णव कोटींच्या वरची रक्कमही तशीच अडवा.

तपासायला देवस्थानात खरोखर येणाऱ्या रकमा घ्या: ५१, १०१, २५१, ५०१, १००१, ११००, ५००१, ११,१११, एक लाख. पंचवीस, दीडशे, अडीच हजार हेही. बोलताना आपण 'दीड हजार', 'साडेबाराशे', 'पावणेदोन लाख' म्हणतो. पावतीवर तसं लिहू नका. 'एक हजार पाचशे' लांब वाटलं तरी वाचणाऱ्याला हिशेब करावा लागत नाही.

अडचणी येतात त्या नावांमुळे नाही, इंडेक्समुळे येतात. पावती चुकली की लोक ॲरे तपासत बसतात आणि दोष असतो ॲरेच्या कंसात काय गेलं त्यात. फॉर्ममध्ये कारकुनाने 12,07,584 असं स्वल्पविरामासकट टाइप केलं आणि तुम्ही ते नुसतं इंटमध्ये कास्ट केलंत, म्हणजे पूर्णांकात बदललंत, तर पीएचपी पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतं. बारा लाखांच्या देणगीची पावती 'रुपये बारा' अशी निघते. मराठी कीबोर्डवरून १२०७५८४ टाइप झालं तर कास्ट करून शून्य मिळतं. म्हणून रक्कम हातात आल्याबरोबर आधी स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, मग देवनागरी आकडे बदला. त्यालाही ॲरेच पुरतो:

$अंक = ['०' => '0', '१' => '1', '२' => '2', '३' => '3', '४' => '4', '५' => '5', '६' => '6', '७' => '7', '८' => '8', '९' => '9'];

हा ॲरे स्ट्र-टीआर या फंक्शनला दिला की एका फटक्यात सगळे अंक बदलतात. त्यानंतर उरलेल्या मजकुरात फक्त 0 ते 9 आहेत ना हे तपासा, नसतील तर पावती छापू नका, फॉर्म परत दाखवा. रकमेच्या बाबतीत अंदाज बांधणं प्रोग्रामचं काम नाही.

पैशांचंही तसंच. १९.९९ ला १०० ने गुणून इंटमध्ये कास्ट करा, १९९८ मिळेल, १९९९ नाही. दशांश अपूर्णांक बायनरीत नेमका बसत नाही आणि कास्ट करताना उरलेला भाग कापला जातो. रक्कम डेटाबेसमध्ये पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. रुपये आणि पैसे वेगळे काढायचे तेव्हा पुन्हा तेच, १०० ची बाकी.

नोंद सापडली नाही तर काय करायचं? पुष्कळ जण $नावे[$उरले] ?? '' असं लिहून मोकळे होतात. पावतीच्या कामात मला हे अजिबात पटत नाही. पीएचपी ८ पासून नसलेला इंडेक्स मागितला की वॉर्निंग येते, त्याआधी नुसती नोटीस यायची. दोन प्रश्नचिन्हं लावून तुम्ही तीही बंद करता आणि 'अक्षरी रुपये' पुढे कोरी जागा छापली जाते. त्या कोऱ्या जागेत पेनने काहीही लिहिता येतं. इंडेक्स नसेल तर एक्सेप्शन टाका आणि छपाई थांबवा. $शेकडे च्या शून्याव्या जागी मी रिकामा शब्द ठेवला आहे तो वेगळ्या कारणाने: शून्य शेकडे ही बरोबर स्थिती आहे, तिथे काही बोलायचं नसतं.

याच पावतीवर तारीख, वार आणि तिथीही छापायची असणार. महिन्यांच्या नावांचा ॲरे केलात आणि डेट फंक्शनकडून लहान लिपीतल्या 'एम'ने महिना मागितला तर ऑक्टोबर ते डिसेंबर सगळं सुरळीत चालेल आणि जानेवारी उजाडला की महिना गायब होईल. कारण असं: '10' हा मजकूर इंडेक्स म्हणून दिला की पीएचपी त्याचा आकडा करतं, पण '01' किंवा '08' मध्ये पुढे शून्य असल्याने ते मजकूरच राहतात. $महिने['08'] आणि $महिने[8] या दोन वेगळ्या जागा आहेत. लहान लिपीतला 'एन' द्या, तो पुढच्या शून्याशिवाय महिना देतो. मोठ्या लिपीतला 'एन' वेगळा, तो सोमवार १ ते रविवार ७ असा वार देतो. आणि लहान 'डब्ल्यू' रविवार ० पासून शनिवार ६ पर्यंत देतो, म्हणजे रविवारपासून सुरू होणारी सात नावं नुसती ओळीने लिहिली की इंडेक्स आपोआप जुळतो. कोडमध्ये सुबक दिसावं म्हणून 01, 02 असे इंडेक्स लिहू नका. पुढे शून्य असलेला आकडा पीएचपी अष्टमान पद्धतीचा धरतं: 010 म्हणजे आठ, आणि 08 लिहिलंत तर फाइलच चालणार नाही.

तिथीचा ॲरे मला विशेष आवडतो, कारण त्यात मध्ये खिंडार आहे. पंचांगात अमावास्येचा क्रमांक ३० लिहितात, मधले १६ ते २९ नसतातच:

$तिथी = [1 => 'प्रतिपदा', 'द्वितीया', 'तृतीया', 'चतुर्थी', 'पंचमी', 'षष्ठी', 'सप्तमी', 'अष्टमी', 'नवमी', 'दशमी', 'एकादशी', 'द्वादशी', 'त्रयोदशी', 'चतुर्दशी', 'पौर्णिमा', 30 => 'अमावास्या'];

इतर काही भाषांत असा ॲरे करायला मधल्या जागा भराव्या लागतात. पीएचपीचा ॲरे मुळात इंडेक्स आणि किंमत यांच्या जोड्यांचा, क्रम राखणारा तक्ता आहे, त्यामुळे सोळाच नोंदी राहतात.

वेगाची काळजी करू नका. इंडेक्स देऊन नाव काढणं लगेच होतं, त्यासाठी यादी पहिल्यापासून चाळावी लागत नाही. ॲरे स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा, तिथून रिटर्न करा आणि हवा तिथे इन्क्लूड करा. सगळ्या किमती स्थिर असल्याने ऑपकॅश (पीएचपीची तयार कोड जपून ठेवणारी सोय) चालू असेल तर ॲरे सर्व्हरच्या सामायिक मेमरीत बसून राहतो, दर पावतीला नव्याने तयार होत नाही. पीएचपीच्या इंटल एक्सटेन्शनमधला (वेगळ्या जोडायच्या भागातला) नंबर-फॉरमॅटर आकडे अक्षरांत लिहून देतो, पण ते एक्सटेन्शन प्रत्येक शेअर्ड होस्टिंगवर नसतं आणि शब्दांची रूपं त्यातल्या आयसीयू लायब्ररीच्या आवृत्तीवर ठरतात. देवस्थानाच्या पावतीचे शब्द देवस्थानाच्या हातात असलेले चांगले.

गोव्यात आज ना उद्या कोंकणी पावतीची मागणी येणारच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा आहे, त्यामुळे दोन्ही भाषांची पावती मागणारे भक्त एकाच रांगेत उभे असतात. त्यासाठी $नावे['मराठी'][6] आणि $नावे['कोंकणी'][6] अशी दोन मजली रचना करा. मराठीच्या यादीत थोडे फेरफार करून कोंकणीची यादी बनवू नका. सहाला 'स', नऊला 'णव', दहाला 'धा' हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुढची ऐंशी-नव्वद नावं कोंकणीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसानेच द्यायला हवीत. इंग्रजीचं ते दोन ॲरेंचं फंक्शन तसंच ठेवा, इंग्रजी पावतीला ते बरोबर आहे. मात्र एखाद्या भाषेत नोंद नसली तर दुसऱ्या भाषेतला शब्द उचलून ओळ पुरी करू नका.

छपाईतली एक गोष्ट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून स्ट्रलेन 'एक'ची लांबी सहा सांगतं. वर्डरॅपही बाइटच मोजतं, त्यामुळे लांब रक्कम ओळीच्या एक तृतीयांशातच मोडते. सब्स्ट्रने कापलंत तर अक्षर मधोमध तुटून चौकोन छापला जातो. मोकळ्या जागेवर शब्द वेगळे करा आणि एमबी-स्ट्रलेनने मोजत ओळी भरा. त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, तेव्हा ओळीला थोडी सैल जागा ठेवा.

आणि कधी जुन्या पावत्यांवरची अक्षरी रक्कम वाचून आकडा काढायची वेळ आली, तर ॲरे-फ्लिपने यादी उलटी करा. नाव इंडेक्स होतं आणि आकडा किंमत. ॲरे-सर्चने पण जमतं, पण ते एकेक नोंद चाळत जातं. या उलट्या शोधात चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव हमखास अडतात. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्ता असलेला 'ऱ' वापरून, दुसरा साध्या 'र'च्या हलन्तानंतर न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे, म्हणून शोध रिकामा परततो. नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं साधन) लावूनही हे दोन एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानत नाही. यादी उलटी करण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही ठिकाणी, स्ट्र-रिप्लेसने दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या.